जावेचं दुखणं

श्यामराव खांद्यावर पाण्याची गुंडी घेऊन बोअरिंगवरून निघाला की रांगेतल्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. पन्नाशी ओलांडलेला उंच, किडकिडीत माणूस. डोक्याला दुपट्टा, अंगात बंडी. गुंडी धरायची सवय नाही, त्यामुळं अर्धं पाणी बंडीवर सांडत जायचं.

"पाह्य व, चालला बायकोचा गडी," उषाबाई म्हणायची. "आता घरात पोचारा बी मारन."

"मारते म्हंते! परवा लुगडं धुऊन राह्यला होता."

बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. चंदा हसत नसे. श्यामराव तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. तो दिसला की ती डोक्यावरचा पदर पुढं ओढून बाजूला तोंड करायची. लग्न होऊन वीस वर्षं झाली, पण त्याच्याशी ती समोरासमोर कधी बोलली नव्हती. गावाची रीतच तशी होती. पण पदराआडून तिला सगळं दिसायचं. गुंडी कोणासाठी चालली आहे ते माहीत होतं, आणि ते पाहून छातीत काहीतरी टोचायचं.

दोन्ही भावांची घरं एकाच आवारात. वाटण्या झाल्या तेव्हा मधे छातीभर उंचीची मातीची भिंत घातली होती. भिंतीच्या अलीकडं कैलाश आणि चंदा, पलीकडं श्यामराव आणि शकुनबाई. चंदाची पोरगी तृप्ती भंडाऱ्याला वसतिगृहात राहून शिकत होती, शकुनबाईचा गोलू नागपूरला कामाला होता. दोन घरांत दोन जोडपी आणि श्यामरावची दोन गुरं, एवढीच वस्ती.

शकुनबाईची गर्भपिशवी काढली त्याला चार वर्षं झाली होती. चंदाची काढली त्याला तीन. अंगावरून जाणं थांबेना म्हणून गावातल्या कितीतरी बायांनी काढली होती, त्यातल्याच ह्या दोघी. पिशवी गेली की कटकट गेली असं सगळ्याच धरून चालायच्या. म्हणून उन्हाळ्यात शकुनबाई पोटाच्या डाव्या बाजूला जड लागतं, घडीघडी लघवीला जावं लागतं असं सांगायला लागली तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही. गॅस असंल, म्हणाले. श्यामरावनं मात्र घेतलं. तो तिला भंडाऱ्याला घेऊन गेला, सोनोग्राफी केली, रक्त तपासलं. रक्तात वाईट काही निघालं नाही. पण पोटात गाठ निघाली.

तेव्हापासून शकुनबाई घरापुढच्या सपरीतल्या खाटेवर बसून आल्यागेल्याला मूठ आवळून दाखवायची.

"एवढी हाये. पानी भरलं हाये म्हंते तिच्यात. मी म्हनलं, मॅडम, माही पिशवी तं काढली, मंग हे गाठ कोठून आली? तं म्हंते, बाई, पिशवी काढली, पन अंड्याच्या गाठी ठेवल्या होत्या दोन्ही बाजूच्या. चांगल्या होत्या म्हनून ठेवल्या. त्यातल्या डाव्या गाठीवर हे आलं."

"आता व माय?"

"थांबून पाहू म्हंते. आपोआप जिरली तं जिरली. दसऱ्याच्या आगुदर पुन्हा पाह्यते. तवर जड उचलाचं नाही, वाकून काम कराचं नाही. आन् एकदम कळ आली, उलटी झाली, तं घडीभर थांबाचं नाही म्हंते. गाठीले पीळ पडते." मग जरा थांबून, पदर नीट करून म्हणायची, "ह्यायनं तं मले चायचा कपबी उचलू देनं बंद केलं."

भिंतीच्या अलीकडं तांदूळ निवडत बसलेल्या चंदाला हे शब्द न् शब्द पाठ झाले होते. कोण आलं की शकुनबाईचा आवाज कुठं चढतो, कुठं बारीक होतो, हेही. शेवटच्या वाक्याला तो आवाज मऊ व्हायचा. चंदा सूप आपटायची.

तिला आपलं ऑपरेशन आठवायचं. कैलाशनं कागदावर सही केली आणि सांजच्या पाळीला निघून गेला. वरठीच्या कारखान्यात तो ठेकेदाराकडं होता. एक पाळी बुडाली तर ठेकेदार दुसरा माणूस घेतो, हे खरंच होतं. माय चंद्रभागाबाई आली होती, तीही धान कापायला आलं म्हणून परत गेली. दवाखान्यातून घरी चंदा एकटी आली, सवारीच्या ऑटोत, सहा माणसांत दाटून. रस्त्यात खड्डा आला की दोन्ही हातांनी पोट धरायची. महिना झाला नाही तोच पोटाला जुनं लुगडं आवळून ती कापणीला उभी राहिली. कोणी जबरदस्ती केली नव्हती. कोणी अडवलंही नव्हतं.

कैलाश वाईट नव्हता. पगार आणून हातात द्यायचा. कधी अंगावर धावला नाही. यायचा, जेवायचा, झोपायचा, पाळीला जायचा. माहेरी गेल्यावर सांगण्यासारखी त्याची एक तक्रार नव्हती.

एके दिवशी पावसानं उघडीप दिली म्हणून ती अंगणात सरपण वाळत घालत होती. भिंतीपलीकडं श्यामराव दगडावर बायकोचा परकर धूत होता. धुणं कसं पिळायचं ते त्याला जमत नव्हतं. एक टोक पायाखाली दाबून दुसरं टोक दोन्ही हातांनी ओढत होता, बैलाचा कासरा ओढावा तसा. खाटेवरून शकुनबाई ओरडली, "अजी, फाटन ना तो!" आणि दोघंही हसली. पन्नाशीची दोन माणसं, पोरासोरांसारखी.

चंदाच्या हातातली काटकी मोडली. त्या दुपारी तिच्या पोटात दुखायला लागलं. उजव्या बाजूला, आत खोल.

धानाच्या रोवण्याचे, म्हणजे लावणीचे, दिवस होते. पहाटे उठून भाकरी, मग दिवसभर रोवणाऱ्या बायांच्या टोळीबरोबर चिखलात. पायाच्या बोटांत चिखल्या झालेल्या, कंबर सांजेला सरळ होत नव्हती. अशा दिवसांत दुखणं कोणाला सांगायचं? पण चंदानं ते जपलं. रोवताना मधेच थांबून ती पोटावर हात ठेवायची आणि आत कान लावल्यासारखी उभी राहायची. जेवताना जडपणा पाहायची. कधी वाटायचं, आहे. कधी वाटायचं, गेलं की काय, आणि भीती वाटायची. ते राहावं म्हणून तिचा जीव टांगलेला असायचा, आणि आपल्याला असं का वाटतं ह्याचा ती विचार करत नसे.

"माह्याबी पोटात दुखून राह्यलं," ती कैलाशला म्हणाली.

तो जेवत होता. "काय खाल्लं?"

"खाल्ल्यानं नाही. जाऊबाईले दुखते तसं. मले वाटते, मलेबी गाठ असंल."

"मंग दाखवून ये ना."

"तुमी चला."

"माही ड्युटी हाये ना." त्यानं भाजी वाढून घेतली. "उषाबाईले ने सोबत. का एकटीच जाऊन ये. तुले काय, सगळं ठाऊक हाये."

ती एकटीच गेली. टोळीला सांगितलं की तृप्तीला भेटायला जाते. भंडाऱ्यात त्याच मॅडमकडं नंबर लावला जिच्याकडं शकुनबाई जायची. बाकावर शेजारी एक नवरा आपल्या बायकोला बाटलीतलं पाणी पाजत होता, लघवी साठली पाहिजे म्हणून. चंदा नळाचं पाणी प्यायली, ओंजळीनं, पोट फुटायला येईपर्यंत.

आत गार जेल पोटावर पडलं. मॅडम पडद्याकडं पाहत यंत्र इकडून तिकडं फिरवत होत्या. चंदा त्यांच्या तोंडाकडं पाहत होती. आता म्हणतील, आता भुवया चढतील.

"सगळं साफ आहे, बाई. दोन्ही बाजू छान आहेत."

"उजव्या बाजूले पाह्यलं का?"

"पाहिलं ना."

"अजून एक डाव पाहा ना, मॅडम. थोडं खाली."

मॅडमनी पुन्हा यंत्र फिरवलं आणि हसल्या. "काही नाही. कामाचा ताण आहे. कंबर दुखते ती पुढं येते. खुशाल राहा. देवाचे आभार माना."

चंदानं पदरानं पोट पुसलं. बाहेर येऊन ती दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि रडायला लागली. येणारी जाणारी माणसं थबकून बघत. एक म्हातारी जवळ आली, पाठीवर हात ठेवून म्हणाली, "वाईट निंगालं का व बाई?" चंदानं मान हलवली. नाही म्हणून हलवली की हो म्हणून, तिचं तिलाच कळलं नाही. म्हातारीनं हो समजून तिच्या हातावर एक केळं ठेवलं. ते केळं ती परतीच्या ऑटोत हातात धरून बसली, खाल्लं नाही.

"काय म्हने?" कैलाशनं विचारलं.

"काही नाही निंगालं."

"मंग बरं झालं," तो म्हणाला आणि कुशीवर वळला.

भिंतीपलीकडं श्यामराव बायकोच्या पायाला तेल लावत होता. "जोरानं नोको," शकुनबाई म्हणत होती. "हां, तिथंच."

दुसऱ्या दिवशी टोळी गावातल्या शाळेच्या गुरुजींच्या वावरात होती. गुरुजींची बांधी, बांध घातलेलं धानाचं शेत, मोठी, रोपांचे पऱ्हे वयाला आलेले, रोवणं दोन दिवसांत उरकायला पाहिजे आणि टोळीत दोन बाया कमी. सीताबाईला ताप आला होता, आणि शकुनबाई. दुपारी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, भाकरी खाताना ह्याचंच बोलणं निघालं.

"शकुन असती तं आज ही बांधी सरली असती," उषाबाई म्हणाली. "तिचा हात लय चालते."

"तिचा हात आता पाटलिनीचा झाला," चंदा म्हणाली.

आजूबाजूच्या बाया थांबल्या. चंदाला वाटलं इथंच थांबावं, पण तोंड थांबलं नाही.

"काय झालं वो तिले? पान्याची गाठ. आपोआप जिरते म्हंते डाक्टरीन. मी काल तृप्तीकडं गेली तं इचारून आली त्याच मॅडमले. अशा गाठी गावातल्या निम्म्या बायायले असतीन, कोनी पाहून राह्यलं का? नवरा पाय दाबते, लुगडं धुते, मंग कोन उठन व? मीबी नाही उठनार. आपन इथं चिखलात मरून राह्यलो आन् आमच्या घरी महारानी पलंगावर बसून मूठ दाखवून राह्यली."

कोणी हसलं, कोणी "होना व" म्हणालं. उषाबाई भाकरीचा तुकडा हातात धरून चंदाकडं पाहत राहिली. चंदाला पोटातून हलकं वाटलं. कितीतरी दिवसांनी भूक लागल्यासारखी ती जेवली.

उषाबाईच्या पोटात काही राहत नसे. त्या सांजेलाच ती शकुनबाईच्या सपरीत जाऊन बसली. चंदानं चुलीपाशी बसून भिंतीपलीकडची कुजबुज ऐकली. शब्द आले नाहीत. पण नंतर खूप वेळ शकुनबाईचा आवाज आला नाही, आणि श्यामरावनं "तेल आनू का?" विचारलं तेव्हा ती म्हणाली, "नोको."

सकाळी टोळी गुरुजींच्या धुऱ्यावर पोचली तर शकुनबाई आधीच येऊन उभी होती. लुगड्याचा काष्टा आवळलेला, डोक्यावर मेणकापड. तोंड सुजल्यासारखं.

"शकुन, तू काहून आली?" उषाबाईच घाबरली. "श्यामरावनं येऊ देलं?"

"ते गुरं घेऊन बोडीवर गेले. त्यायले नाही ठाऊक." शकुनबाई सगळ्यांकडं पाहून बोलत होती, फक्त चंदाकडं पाहत नव्हती. "लय दिवस झाले पडून पडून. अंगाले मुंग्या आल्या."

चंदाला तिथंच म्हणता आलं असतं, जाऊबाई, घरी जा. शब्द गळ्यापर्यंत आलेही. पण शकुनबाई बांधीत उतरली आणि बरोबर तिच्याच शेजारची जागा धरून उभी राहिली, तेव्हा चंदाच्या मनात दुसरंच आलं. दाखव म्हणावं. पाहू दे, किती दुखते.

ओळीनं वाकून, मागं मागं सरकत रोवायचं. डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंढी, उजव्या हाताच्या तीन बोटांनी चार काड्या तोडायच्या आणि चिखलात खुपसायच्या. जिचा हात मंद ती मागं राहते. दोन्हीकडच्या बाया सरकून जातात आणि रोवलेल्या धानात ती एकटी उरते. त्याला कोंडणं म्हणतात. कोंडलेल्या बाईची दिवसभर मस्करी होते. नव्या सुनांना कोंडतात. शकुनबाईला आजवर कोणी कोंडलं नव्हतं.

चंदानं हात उचलला. मान खाली घालून ती अशी रोवायला लागली की पाण्याचा चुबूकचुबूक आवाज तुटेना. तिच्या पलीकडच्या बाईनंही ओढ धरली. शकुनबाईला कळलं. तीही वाकली, आणि तिचा जुना हात चालू झाला. काही वेळ दोघी बरोबरीनं सरकत राहिल्या. चंदाला शेजारून तिचा श्वास ऐकू येत होता. आधी नाकातून, मग तोंडातून, मग मधे मधे बारीक कण्हल्यासारखा. पावसाची भुरभुर सुरू झाली. चंदानं डोकं वर केलं नाही.

मग शेजारचा आवाज थांबला. चंदा एक हात मागं सरकली, दोन हात सरकली. कोंडली, तिला वाटलं.

"व माय व," शकुनबाई म्हणाली.

डोळ्यांच्या कोपऱ्यातून चंदाला दिसलं. शकुनबाई गुडघ्यांवर बसली होती, चिखलात, दोन्ही हात ओटीपोटाशी. हातातली पेंढी पाण्यावर तरंगत होती. तिनं मान उचलून चंदाकडं पाहिलं. सरळ.

ढोंग करते, चंदाच्या मनानं सांगितलं. तिच्या हातात अर्धी पेंढी उरली होती. ती तिनं रोवली. चार काड्या, पुन्हा चार काड्या. शेवटच्या काड्या चिखलात गेल्या तेव्हा शकुनबाई पुढं ओणवी होऊन ओकत होती, आणि ओकारीबरोबर जो आवाज तिच्या तोंडातून निघाला तो ढोंग करणाऱ्या माणसाचा नव्हता.

"पीळ पडला!" चंदा किंचाळली. "अवो, धावा व! पीळ पडला तिले!"

चिखलातून माणूस उचलणं सोपं नाही. चौघी जणींनी बगलेत हात घातले तर त्याच गुडघ्यापर्यंत रुतल्या. शकुनबाई पाय पोटाशी घेऊन आवळून गेली होती, सरळ करू गेलं की ओरडायची. शेवटी मेणकापडावर घालून ओढत तिला धुऱ्यापर्यंत आणलं. चिखलणी करणारा प्रविण ट्रॅक्टर सोडून धावला. फोन केला तर अॅम्ब्युलन्सला वेळ लागेल म्हणाले. प्रविणच्या भावाची भाजीची गाडी गावात उभी होती, ती आणायला तो गेला.

"श्यामरावले सांगा कोनी," उषाबाई रडत म्हणाली.

चंदा बोडीकडं, गावच्या लहान तळ्याकडं, पळाली. धुऱ्यावरून घसरली, उठली. पदर कुठं गेला होता तिला भान नव्हतं. श्यामराव तळ्याच्या पाळीवर छत्री घेऊन बसला होता. तिला तसं उघड्या डोक्यानं येताना पाहून तोच आधी मान वळवायला लागला.

"दादा!" वीस वर्षांत पहिल्यांदा चंदानं त्याला हाक मारली. "दादा, चला! जाऊबाई पडली!"

छत्री तिथंच टाकून तो उठला.

भंडाऱ्याला पोचेपर्यंत दुपार झाली. सरकारी दवाखान्यात लगेच आत घेतलं. बाहेर चंदा भिंतीला टेकून उभी होती, अंगावरचा चिखल वाळून पांढरा पडलेला. समोर श्यामराव खाली बसला होता आणि उघड उघड, नाक पुसत रडत होता. माणसं बघत होती, त्याला पर्वा नव्हती. त्याच्याकडं पाहताना चंदाला धस्स झालं. शकुनबाई मरंल म्हणून तर झालंच. पण त्याच्या खाली, तेवढ्यातही, ते दुसरं होतं. आपण आत असतो तर इथं बाहेर असं कोण बसलं असतं?

तिला स्वतःचीच शिसारी आली. ती मोरीवर जाऊन तोंड धुऊन आली, तरी ते गेलं नाही.

डॉक्टर बाहेर आला. पोरसवदा होता, थकलेला. गाठ पिळून काळीनिळी पडली होती, म्हणाला, त्या बाजूचं सगळं काढावं लागलं. दुसरी बाजू चांगली आहे. आणखी उशीर झाला असता तर आत सडलं असतं. "कोणी आणलं लवकर?"

श्यामराव उठला, आणि रीत विसरून त्यानं चंदापुढं हात जोडले. "ह्या पोरीनं आनलं. हिच्यामुळं वाचली ती."

चंदानं पदर तोंडावर ओढला. सगळ्यांना वाटलं, ती लाजली.

सांजेला पाळी सुटल्यावर कैलाश आला. वहिनीला दारातून पाहिलं, भावाजवळ घडीभर उभा राहिला. मग चंदाला मोटरसायकलवर मागं बसवून निघाला. रस्त्यात रेल्वेचं फाटक बंद होतं. त्यानं गाडी बंद केली. मालगाडी लांबलचक होती.

"माह्या आपरेशनच्या रोजी तुमी काहून गेले?" मागून चंदा म्हणाली.

"कोठं?"

"पाळीले. मले आत नेलं आन् तुमी गेले."

कैलाशनं जरा विचार केला. "तूच म्हनली होती, जा म्हनून."

"म्हनली होती."

"मंग?"

"म्हनलं म्हनून जाचं असते का?"

डबे जात राहिले. त्यानं आरशातून तिच्याकडं पाहायचा प्रयत्न केला. आरशावर चिखल होता.

"मले वाटलं, तू घट्ट हायेस," तो म्हणाला. "वहिनीसारखी नाहीस."

"मी घट्ट नाही."

फाटक उघडलं. आजूबाजूच्या गाड्या निघाल्या, मागच्यांनी हॉर्न वाजवले, कोणीतरी शिवी दिली. कैलाशनं किक मारली नाही. हँडल धरून तो तसाच बसून होता. "मले कोनी सांगतलंच नाही," शेवटी तो हळूच म्हणाला. ते कारण होतं की माफी, चंदाला कळलं नाही. गाडी सुरू झाल्यावर तिनं पहिल्यांदाच त्याच्या पाठीला डोकं टेकवलं, कारण मान धरून ठेवायचं बळ उरलं नव्हतं.

शकुनबाई घरी आली. पुढचे दिवस चंदा टोळीला गेली नाही. दोन्ही घरांचा स्वयंपाक करायची, शकुनबाईला न्हाऊ घालायची, टाके ओले होऊ नयेत म्हणून कापड धरायची. तिच्या हातचं जेवताना श्यामराव रोज म्हणायचा, सख्खी बहीणही करणार नाही इतकं करते. बोअरिंगवरच्या बायाही तेच म्हणायला लागल्या. उषाबाई तेवढी गप्प असायची. कैलाश एकदा पाळीवरून येताच दारात थांबला आणि म्हणाला, "तुले बरं हाये ना?"

"मले काय झालं?"

"असंच इचारलं."

टाके काढून आणल्याच्या दिवशी ऊन पडलं होतं. चंदा सपरीत शकुनबाईच्या मागं बसून तिच्या डोक्याला तेल लावत होती. दवाखान्यात पडून पडून केसांच्या गाठी झाल्या होत्या. शकुनबाई भिंतीकडं तोंड करून बसली होती.

"मी खाली बसली तवा," ती एकाएकी म्हणाली, "तुह्या हातात अर्धी पेंढी होती."

चंदानं तेलाची वाटी खाली ठेवली.

"ते रोवलीस. सगळी. मंग वरडलीस. मले दिसून राह्यलं होतं."

"हाव," चंदा म्हणाली. "मले वाटलं, तुमी ढोंग करता."

"नाही वाटलं तुले."

तेलाचा थेंब चंदाच्या मनगटावरून खाली ओघळला. खोटं बोलायला तिच्याजवळ काही नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "नाही वाटलं. तुमाले कोनी इतकं पाह्यते, ते मले पाह्यवत नव्हतं."

अंगणात कोंबडी ओरडत होती.

"दादाले सांगा तुमी," चंदा म्हणाली. "मी त्यायच्यासमोर जाऊ शकत नाही."

"सांगून काय करू? तो तुह्या हातचं जेवून राह्यला." शकुनबाईनं मान वळवली नाही. "मी मरून बी सांगनार नाही. आन् जिती हाये तवर इसरनार बी नाही. समजली?"

"हाव."

"मंग हात काहून थांबला? ह्या बाजूनं लाव, इथं कोरडं हाये."

चंदानं तळहातावर पुन्हा तेल घेतलं. एवढ्यात श्यामराव गोठ्यातून आला, हात पुसत दारात उभा राहिला, आणि बायकोकडं पाहून म्हणाला, "ऊन लागून राह्यलं का वं? पडदा लावू?"

चंदाच्या छातीत टोचलं, जसं आधी टोचायचं तसंच. तिनं मान खाली घातली, फणी घेतली, आणि जावेच्या केसांतला गुंता टोकाकडून, ओढ बसू न देता, सोडवायला लागली.